मावशीवर गेलेली पोरगी

जुळे सोलापूर
८ फेब्रुवारी २०२४

ताई,

नमस्कार. आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीपासून तू माझा फोन उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर लिहावं तर तुझा फोन दिवसभर तुझ्या वैष्णवीच्या हातात, आणि हे आधी तुझ्याच कानावर पडावं असं मला वाटतं. म्हणून कागद घेतला. शाळेनंतर एवढं हातानं लिहिलं नव्हतं, अक्षराला हसू नकोस.

गेली दोन वर्षं माझं काय चाललंय ते तुला अर्धंच माहीत आहे. पोट बिघडायचं, तोंड यायचं, रक्त काही केल्या वाढायचं नाही. लोहाच्या गोळ्या झाल्या, सलाईनमधून लोह देऊन झालं. सासूबाई म्हणायच्या, ही नीट जेवतच नाही. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा टिकलं नाही, ते तू जाणतेसच. मागच्या महिन्यात पोटाच्या डॉक्टरांनी एक वेगळंच रक्त तपासलं. मग तोंडातून दुर्बीण घालून आतड्याचा बारीकसा तुकडा काढला. सिलिॲक म्हणतात या आजाराला. गव्हात ग्लुटेन नावाचा चिकट पदार्थ असतो, कणकेला ताण येतो तो त्याच्यामुळे. माझं शरीर त्याला वैरी समजतं आणि त्याच्याशी भांडता भांडता स्वतःचंच आतडं झिजवतं. औषध काही नाही. गहू जन्मभर बंद. चपाती, रवा, मैदा, शेवया, बिस्किट. डबीतला हिंगसुद्धा बघून घ्यायचा, त्यात कणीक मिसळलेली असते.

आता लिहायचं खरं कारण. हा आजार रक्ताच्या नात्यात उतरतो. आईवडील, सख्खी भावंडं, मुलं, सगळ्यांनी तपासून घ्यावं म्हणाले. आबा तर गेले, आपण दोघीच भावंडं. आई माझ्याकडेच आहे, ती तयार झालीय. तूही ये. दाजींना घेऊन सकाळच्या गाडीनं निघालीस तर संध्याकाळी केमला परत पोचशील.

वास्तुशांतीला काही चुकलं असेल तर सरळ सांग. मला खरंच कळलेलं नाही.

तुझी
सुकन्या


केम
२१ फेब्रुवारी २०२४

सुकन्या,

आशीर्वाद. पत्र मिळालं. पोस्टमन म्हनला, वहिनी, आता पत्र कोन लिवतं? म्हनलं, माझी शिकलेली भन लिवती.

तुझं दुखनं बी तुझ्यासारकंच, इंग्रजी नावाचं. आमचं हितं पोट दुखलं तर ववा चावायचा नि कामाला लागायचं. आन वास्तुशांतीला काय झालं ते तुला कळलं न्हाय? पंगतीत समद्यांना गरम चपात्या वाढल्या. माझ्या पानापशी आल्यावर तुझी नणंद म्हनली, "ताईंना भाकरी आणा की, त्यांना चपाती कुटं पचतीया." समदी हसली. तू बी हसलीस. मी बघितलं. त्या दिसापासनं माझ्या घरात भाकरी बंद. ह्यांना सांगितलं, ज्वारी इका नि गहू भरा. आता दोन्ही वक्ताला चपाती आन न्ह्यारीला शिरा. तुझ्याच घरात चपाती लाटत्यात असं न्हाय.

आई तुझ्याकडं हाय हे बी मला आत्ताच कळतंय. माझं पिशवीचं आपरेशन झालं तवा आली, चार दिस ऱ्हायली, आन शेरडं उपाशी असतील म्हनून गेली. तुझ्यापायी शेरडांचं काय केलं? ऱ्हाऊ दे. इचारत न्हाय.

तपासाय मी येनार न्हाय. माझं अंग बघितलंस की, मला काय धाड भरलीया? आन वैष्णवीचं तर नाव बी काढू नगंस. ती करमाळ्याला पोलीस भरतीच्या अकॅडमीत जाती. तिला रोज खपली गव्हाची खीर, दूध नि ब्रेड, चपातीचा लाडू देते. सर म्हनत्यात खुराक पायजे. आता कशी तुझ्यासारकी शेलाटी झालीया, गोरी पडलीया. बाया म्हनत्यात, सोनाली, पोरगी मावशीवर गेली ग. ऐकून मला काय वाटतं ते माझं मला ठावं. लहानपनी पाव्हनं यायचं ते तुलाच मांडीवर घ्यायचं, आन मी पान्याचा तांब्या घिऊन हुबी. थकती जरा पोरगी. एवढं पळल्यावर कोन थकनार न्हाय?

रक्तात खोट हाय असलं कुनापशी बोलू नगंस. पोरीची भरती हाय. उद्या सोयरीक बघायची हाय.

सोनाली


जुळे सोलापूर
४ मार्च २०२४

ताई,

त्या पंगतीतलं मला आठवत नाही. पण तू बघितलंस म्हणतेस तर हसले असेन. मला वाईट वाटतंय.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा एकाच ओळीपाशी थांबून वाचलं. वैष्णवी शेलाटी झाली, गोरी पडली. ताई, माझंही असंच सुरू झालं होतं. सगळे म्हणायचे, लग्नानंतर किती छान दिसायला लागलीस. ते गोरेपण नव्हतं, अंगात रक्त नव्हतं.

तू खोट म्हणतेस म्हणून सांगते. डॉक्टरांनी माझे जीन तपासले. डीक्यू-टू आणि डीक्यू-एट असे दोन प्रकार असतात. त्यातला एक तरी अंगात असल्याशिवाय हा आजार सहसा होत नाही. माझ्यात पहिला निघाला. पण तो आहे म्हणजे आजार होणारच असंही नाही. शंभरातली तीसेक माणसं तो घेऊन फिरतात आणि मजेत चपाती खातात, आजार त्यातल्या थोड्यांनाच होतो. घरात एकाला असला की मात्र बाकीच्यांचा धोका वाढतो, सख्ख्या नात्यात दहातल्या एकाला सापडतो म्हणाले. आणि तो लहानपणीच होतो असं नाही, विशीत, चाळिशीतसुद्धा वर येतो. आईत जीन आहे, आजार नाही. आबांचं नाक आपल्या दोघींना आलं, त्यात कुणाची खोट होती?

एवढं कर. वैष्णवीचं रक्त तपास. आणि त्याआधी तिची चपाती बंद करू नको, गहू थांबवला की तपासणीत काही दिसत नाही.

आईबद्दल म्हणशील तर ऐक. मी भाकरी थापते, ती मोडते. आई रोज म्हणते, सोनालीच्या भाकरीला कसा पापुद्रा सुटतो. रोज, ताई. माझ्या घरात, माझ्यासमोर. तुला वाटतं हेवा तुलाच करता येतो.

सुकन्या


जुळे सोलापूर
२९ जून २०२४

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. तरी लिहावं लागतंय.

वैष्णवीनं तुला फोनवर सांगितलं की भरतीच्या मैदानावर पाय मुरगळला आणि चार दिवस मावशीकडे राहते. पाय मुरगळलेला नाही. आठशे मीटरच्या शेवटच्या वळणावर ती चक्कर येऊन पडली. तिच्या मैत्रिणीनं मला फोन केला. इंद्रजीतना ऑफिसातून बोलावून आम्ही दोघं पोचलो तेव्हा ती झाडाखाली बसून रडत होती आणि म्हणत होती, "आईला सांगू नका, ती खिरीला तूप कमी पडलं म्हणेल आणि स्वतःला मारून घेईल."

तिचं रक्त निम्म्यावर आलंय. डॉक्टरांनी घरात कुणाला काय आहे विचारलं, मी माझं सांगितलं. मग तीच तपासणी केली. माझ्यापेक्षा तिचा आकडा जास्त निघाला. काल दुर्बीणही झाली. सही तिनं स्वतः केली, वीस वर्षांची आहे ती. तुला आधी विचारायला हवं होतं, पण तू फोन उचलत नाहीस आणि ती मला सांगू देत नव्हती. तिच्या खोट्यात मला राहायचं नाही म्हणून लिहितेय.

आणखी एक लिहिते, नाहीतर ते मनात कुजेल. ती सकाळी माझ्या ओट्याशी उभी राहते, केस वर बांधते आणि परातीत पीठ घेते, तेव्हा मला तुझा इतका हेवा वाटतो की मी आतल्या खोलीत जाते. डॉक्टर म्हणाले, माझे दोन्ही गेले त्यामागे हा आजारच असू शकतो. नक्की सांगता येत नाही म्हणाले. तुझ्याकडे ही उंच, हसरी पोरगी आहे. आणि तू मला चपातीचं सांगतेस.

सुकन्या


केम
६ जुलै २०२४

सुकन्या,

पत्र वाचलं. माझी पोरगी मैदानात पडली आन मला म्हयत न्हाय. तुझ्या दाराला माझी पोरगी, तिच्या नरड्यात नळी घातली, आन मला म्हयत न्हाय. माय मरो नि मावशी उरो म्हनत्यात. मी अजून मेले न्हाय.

तुला हेवा वाटतो व्हय? तुला घर हाय, न्हानीत गरम पान्याचा नळ हाय, आई हाय, आपल्या बायकूला डाक्टरकडं घिऊन जानारा नवरा हाय. माझ्यापशी एकच चीज हुती जी तुझ्यापशी न्हाय. ती बी तुला पायजे झाली.

आन ती तुझ्यासंगं हासून बोलती. आईबरूबर बोलताना निसतं हां हां. परवा फोनवर मागनं आवाज आला, तुमी दोघी कशाला तरी हासत हुता. मी फोन ठिवून दिला.

सोमवारी हे येतील. पोरीला त्यांच्यासंगं धाडून दे. बंद कर म्हनतीस तर चपाती बंद करते. भाकरी मला तुझ्यापेक्षा बरी येती, हे आईनंच सांगितलंय तुला.

सोनाली


जुळे सोलापूर
३० ऑगस्ट २०२४

ताई,

दाजी आले, मी तिची बॅग भरून दिली. दुर्बिणीचा रिपोर्ट मागून आला तो सोबत पाठवतेय. आजार पक्का आहे.

वैष्णवी मला फोन करते, हे तुला आवडणार नाही तरी सांगते. तू तिला चपाती देत नाहीस, दोन्ही वेळा भाकरी करतेस, खीर बंद केलीस, सगळं तिनं सांगितलं. तरी पोट थांबत नाही आणि अंगात त्राण नाही. तुला वाटत असेल, मग आजार बिजार सगळं थोतांड. तसं नाही. तू ज्वारी गावातल्या गिरणीत दळून आणतेस. तुझ्या आधी त्याच जात्यात कुणाचा तरी गहू दळलेला असतो, तो तुझ्या पिठात येतो. ज्या परातीत दाजींची कणीक मळतेस तिच्यातच तिची भाकरी थापतेस. तवा तोच, पोळपाटावरचा फडका तोच. आम्हाला एवढंसुद्धा पुरतं. माझंही सुरुवातीला असंच झालं होतं, मग घरघंटी घेतली आणि घरात गहू आणणंच बंद केलं. इंद्रजीत ऑफिसात चपाती खातात.

भाकरी तुझी चांगली आहे, ताई. पीठ चांगलं नाही.

सहा महिने तिला माझ्याकडे ठेव. अकॅडमी इथेही आहेत. तू दर रविवारी ये, किंवा येऊ नकोस, किंवा मला शिव्या देणारं पत्र लिही. आणि तुझं स्वतःचं रक्त अजून तपासलेलं नाहीस.

सुकन्या


केम
१२ नोव्हेंबर २०२४

सुकन्या,

तुझं पत्र मी पिठाच्या डब्याखाली घालून ठिवलं हुतं. जबाब द्यायचा न्हाय असं ठरवलं हुतं. गिरणीवाल्याला म्हनलं, सकाळी पैली माझी ज्वारी दळ. त्यानं दळली बी. पोरगी काय सुधरंना.

दिवाळीच्या आदल्या दिशी फराळाचं करत बसले. शंकरपाळ्या, चिरोटं. तिला म्हनलं, तू पोह्याचा चिवडा खा. ती हितंच चुलीपशी बसली हुती, गुडघ्याला मिठी मारून. शंकरपाळ्या बघत न्हवती, माझ्याकडं बघत हुती. म्हनली, "आई, मी मावशीकडं गेले तर तू जेवशील का?"

मी म्हनलं, असं का इचारतीस? तर म्हनली, "मी तिकडं हुते तवा तू दोन दिस जेवली न्हाईस, पप्पांनी सांगितलं. म्हनून मी जाऊ द्या म्हनत न्हाय."

चार महिनं पोरगी माझ्या जेवनापायी आजारी ऱ्हायली, सुकन्या. मी कढई उतरून ठिवली.

दिवाळी झाल्यावर मी सोलापूरला आले. तुला सांगितलं न्हाय. तुझ्या त्याच डाक्टरकडं गेले, म्हनलं माझं बी तपासा, जीन का काय ते समदं. हे बाहीर बाकड्यावर बसून ऱ्हायलं. रिक्षा तुझ्या गल्लीवरनं गेली, तुझ्या गच्चीवर आईचं लुगडं वाळत हुतं. मी उतरले न्हाय.

आता निकाल आला. तुझ्यातलं ते डीक्यू-टू माझ्यात बी हाय. आजार न्हाय. रक्त चांगलं, हाडं चांगली. हे म्हनलं, देवानं राखलं. मी घरी येऊन रडले, आन का रडले ते ह्यांना सांगाय आलं न्हाय, तुला सांगते. मला वाटत हुतं, निघू दे माझ्यात बी. म्हंजी पोरगी नि मी एका पंगतीला बसू. तुझं ताट आन तिचं ताट एक, माझंच न्यारं. दुखनं माझ्याच रक्तातनं तिच्यात गेलं, आन संगत मातर तुमा दोघींची झाली. आजाराचा बी कुनी हेवा करतं का? मी केला.

रविवारी तिला घिऊन येते. दारात सोडून जाईन. च्याला थांब म्हनू नगंस.

सोनाली


जुळे सोलापूर
२ फेब्रुवारी २०२५

ताई,

तू खरंच थांबली नाहीस. आई जिन्यातून हाका मारत राहिली.

तुझं पत्र वाचून मला आधी काय वाटलं ते लिहू? तुझा राग आला. एकच आई, एकच आबा, तोच जीन, आणि तू दिवाळीला शंकरपाळ्या तळून खाऊ शकतेस. मी डॉक्टरांना विचारलं, तिला का नाही आणि मला का? ते म्हणाले, जीन एकटा पुरत नाही, आणखी काय काय लागतं ते सगळं अजून कुणालाच माहीत नाही. मला वाटलं होतं काहीतरी कारण सांगतील, ज्याच्यावर रागावता येईल. तूही गाफील राहू नकोस. काही वर्षांनी पुन्हा रक्त तपासायचं आहे तुला.

वैष्णवीचं वजन वाढायला लागलंय. नखं गुलाबी झालीत. सकाळी पळून येते आणि तीन भाकरी, शेंगाची चटणी, वर दही असं जेवते. जेवताना मात्र म्हणते, मावशी, आईची भाकरी अशी नसते. आधी एकटी आई ऐकवायची, आता दोघी ऐकवतात. तू समोर असतीस तर तुझ्या अंगावर परात फेकली असती.

थांब म्हणत नाही. पण जिना तरी चढ.

सुकन्या


केम
१ मार्च २०२६

सुकन्या,

पोरीच्या भरतीच्या दिशी मैदानावरनं मी तुला न बोलता टेसनाला गेले. तू मागनं हाक मारलीस ती ऐकली. म्हनून लिवते.

आधी दुसरं सांगते. आमच्याकडं आता घरघंटी आली. ह्यांनी दोन बोकडं इकली. तुझ्यापरीस मोठी हाय, दुकानदाराला मीच म्हनलं, सोलापूरच्या भनीकडं हाय तिच्यापरीस मोठी दाव. परात न्यारी, तवा न्यारा, पोरीचा डबा वरच्या फळीवर. ह्यांना चपाती खायाची असंल तर भावकीत जात्यात.

आता मैदानाचं. आपन दोघी कुंपनाबाहीर शेजारी हुब्या हुतो, तुझा खांदा माझ्या खांद्याला लागत हुता. शिट्टी झाली. पैल्या फेरीला ती मागं हुती. मागच्या येळी जितं पडली ते वळन आलं तवा मी डोळं मिटलं. तू माझा हात धरलास, आन बांगड्या रुतंस्तवर आवळलास. उघडलं तर ती वळन पार करून गेली हुती, दोन पोरींच्या फुडं, तोंड लालबुंद. लाल, सुकन्या. गोरी न्हवं.

मग गेटातनं पळत आली आन तुझ्या गळ्यात पडली. आधी तुझ्या. "मावशी, झालं!" म्हनली. माझ्याकडं वळली ती मागनं.

गाडीत हे मला समजावत हुते. म्हनले, पान्याची बाटली सुकन्याच्या हातात हुती म्हनून. म्हनलं, मला काय समजावता? तिनं भाकरी घातली, तिनं दवाखाना केला, गळ्यात पडली ते बराबर केलं. बराबर हाय म्हनून काय लागत न्हाय व्हय? लई लागलं. आज बी लागतंय. ते जानार बी न्हाय, माझ्यातल्या त्या डीक्यूसारकं संगं ऱ्हानार. पन पोरगी पळताना मी बघितली. तिच्याकडं बघत हुते तेवढा येळ तू माझ्या शेजारी हाईस हे बी इसरले हुते.

भरतीची यादी लागंल तवा लागंल. शनिवारी ती घरला येतीया, दोन दिस. ज्वारी निवडून ठिवलीया. तू येऊ नगंस. ते दोन दिस माझं.

त्याच्या फुडच्या शनिवारी ये. आईला घिऊन ये. भाकरी मी थापीन, तू निसती बसून खा.

सोनाली